मुलांनी स्वतःची प्रगती स्वतः नोंदवावी, पण कशी?

प्रश्न : तिसरीच्या वर्गात अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे मुलाला काय काय यायला हवे त्या वाक्यांचा, तक्ता दिला. मुले सगळीकडे 'येते' अशी खूण करून मोकळी होतात.

उत्तर : निष्पत्तीचे वाक्य शिक्षकांसाठी असते. 'तीन अंकी संख्यांची वजाबाकी करतो' यावरून मुलाला आपण कुठे अडलो ते कळत नाही. पायऱ्या पाडा : बिनहातच्याची, एकदा हातचा घ्यावा लागणारी, दोनदा घ्यावा लागणारी, आणि मधे शून्य असलेली. प्रत्येक पायरीला चार उदाहरणे द्या. तीन बरोबर आली आणि एक कसे केले ते शेजाऱ्याला सांगता आले, की त्या चौकटीत तारीख व वहीचा पान क्रमांक लिहायचा. नुसती बरोबरची खूण चालवून घेऊ नका.

चुकलेले उत्तरही तक्त्यात लिहू द्या. ५०३ − २६८ चे उत्तर ३६५ आले, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करते आहे. त्याला दशकाच्या काड्यांच्या जुड्या सोडवायला बसवा. २४५ आले, तर हातचा समजला आहे, पण एककाला दहा दिल्यावर दशकाच्या घरात ९ उरतात हे निसटले. दोघांनाही तोच सराव दिला तर दुसऱ्याचा वेळ फुकट जातो.

प्रश्न : वाचनवेगाचा आलेख मुलांकडून काढून घ्यावा का?

उत्तर : घ्यावा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, अशी अपेक्षा आहे. पंधरा दिवसांनी एकदा, एक मिनिट, नवा उतारा. जोडीदाराने चुकलेले शब्द वजा करून चौकटीच्या कागदावर रकाना रंगवायचा. उतारा जुनाच ठेवला तर पाठांतर मोजले जाते. शिवाय 'घराजवळच्या', 'खेळणाऱ्यांपैकी' असे लांब शब्द एखाद्या उताऱ्यात जास्त असले की आलेख उगाच खाली येतो, म्हणून उतारे सारख्या वजनाचे निवडा. खाली दोन प्रश्न हवेतच. त्यांची उत्तरे आली नाहीत तर रकाना रिकामा राहील. नाहीतर मुले नुसती धावतात.

प्रश्न : भिंतीवर नावांपुढे तारे लावले तर?

उत्तर : काढून टाका. मागे असलेले मूल तिकडे बघणेच सोडते. तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर बरा.

प्रश्न : पट ५० चा आहे. हे सगळे तपासायचे कधी?

उत्तर : सगळे तपासू नका. रोज दहा मुलांच्या वह्या घ्या, नोंदवलेली एकच पायरी निवडा आणि त्यातले एक नवे उदाहरण समोर सोडवायला सांगा. पाच दिवसांत वर्ग पुरा होतो. नोंद खोटी निघाली तर रागावू नका, तारीख खोडायला लावा. रागावलात की पुढच्या वेळी शेजाऱ्याची वही बघून नोंद होईल.

प्रश्न : सातवीची मुले चाचणीचा पेपर हातात आला की म्हणतात, 'येत होते, घाईत चुकले.'

उत्तर : पडताळून बघायला लावा. तीन-चार दिवसांनी तोच प्रश्न, उत्तर न बघता, कोऱ्या कागदावर. बरोबर आला तर 'घाई' असे लिहायचे. नाही आला तर तो घटक पुन्हा शिकायच्या यादीत टाकायचा.