एक एकर विकून नेटवर्किंगचा कोर्स करावा का?

दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३१, बीएस्सी, जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी, पगार १४ हजार. फावल्या वेळात सीसीटीव्ही बसवून महिन्याला तीनेक हजार मिळतात. वडिलांच्या नावे चार एकर कोरडवाहू वावर, त्यावर १ लाख १० हजारांचं पीककर्ज. १ लाख ८० हजारांची एफडी आहे. घरी आई-वडील, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. पुण्याच्या एका क्लासने सीसीएनए, सीसीएनपी (सिस्को या नेटवर्किंग कंपनीची पायाभूत आणि त्यापुढची प्रमाणपत्रं) आणि फायरवॉल (नेटवर्कची सुरक्षा) असा सहा महिन्यांचा कोर्स ९५ हजारांत देऊ केला आहे, वर ‘१०० टक्के प्लेसमेंट’. एफडी मोडायची तयारी आहे आणि वडील एक एकर विकायलाही तयार झालेत. जाऊ का, असं ते विचारतात.

दादा, या क्षेत्रात जरूर जा. पण या मार्गाने जाऊ नका, आणि वावर तर अजिबात विकू नका.

पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. काट्याच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर केलेली सबनेटिंगची (मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याची) गणितं त्यात चिकटवली आहेत. ते पान मी माझ्या परिचयातल्या एका नेटवर्क इंजिनिअरला दाखवलं. १९२.१६८.१०.० च्या नेटवर्कचे /२६ ने तुकडे करताना तुम्ही आधी प्रत्येकी ६४ पत्ते लिहिलेत, मग खोडून उपकरणांना देता येतील असे ६२ केलेत आणि बाजूला लिहिलंत, ‘पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा’. ते म्हणाले, “हे ज्याला स्वतःहून सापडलं, त्याला ९५ हजारांच्या क्लासची गरज नाही.” माझंही मत तेच झालं.

आता पुण्याचा खरा खर्च मांडू. फी ९५ हजार. सीसीएनएच्या परीक्षेचे ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे ३० हजारांच्या घरात. क्लासच्या फीत हे बहुधा धरलेलं नसतं, विचारून घ्या. कॉट बेसिसवर राहणं-जेवण महिन्याला ९ हजार धरलं, तरी सहा महिन्यांचे ५४ हजार. बुडालेला पगार ८४ हजार. कोर्स संपल्यावर नोकरी शोधण्यात तीन महिने गेले तर राहण्याचे आणि बुडालेल्या पगाराचे मिळून आणखी ६९ हजार. बेरीज ३ लाख ३२ हजार. तुम्ही ९५ हजारांवर अडला होतात, पण त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम त्या फीबाहेर आहे.

‘१०० टक्के प्लेसमेंट’चा अर्थ लेखी मागा. नोकरी लागली नाही तर फी परत, असं कागदावर आहे, की फक्त मुलाखतींना पाठवण्याचं आश्वासन? ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणत असतील तर ते बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास उद्या बंद पडला तरी हप्ता तुमच्याच नावावर चालू राहतो. सीसीएनपीचं म्हणाल तर अनुभव नसताना ते घेऊन उपयोग थोडाच. मुलाखतीत दोन प्रश्नांतच कळतं.

वावराबद्दल दोन गोष्टी. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे, तो उतरवल्याशिवाय विक्री सरळ होत नाही. शिवाय पीककर्जाची मर्यादा क्षेत्रावर ठरते, एकर गेला की तीही घटते. येत्या हंगामाचं पीककर्ज उचलून फी भरण्याचा मोहही नको. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं हे कर्ज आपल्याकडे बिनव्याजी पडतं, एकदा थकलं की ती सवलत जाते.

मग करायचं काय? सीसीएनएला कोणतीही पूर्वअट नाही, क्लासचीही नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. राउटर, स्विच सगळं लॅपटॉपवर जोडून बघता येतं. आता मार्चपासून दिवाळीपर्यंत आठ महिने रोज दोन तास द्या. हंगाम उलगल्यावर काट्यावर काम कमी आणि पगार चालू, असं तुम्हीच लिहिलंय. याहून चांगली वेळ मिळणार नाही. परीक्षेत सर्वांत जास्त, २५ टक्के भार राउटिंगच्या भागाला आहे, तो पक्का करा. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा देता येते, पण पूर्ण फी भरून. म्हणून घाई नको. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, तेव्हा बाहेर पडायची तयारी झाल्यावरच परीक्षा द्या. तालुक्याला फायबरचं नेट देणारे जे कोणी असतील, त्यांच्यासोबत रविवारी जात जा. केबल जोडणं आणि घरोघरचे बंद पडलेले मोडेम चालू करणं हा मुलाखतीत सांगण्याजोगा अनुभव आहे.

खर्च असा: जुना लॅपटॉप २५ हजार, परीक्षा ३० हजार, पुस्तकं-नेट ५ हजार. एफडीतले ६० हजार गेले, १ लाख २० हजार उरले. बाहेर गेल्यावर तुमचे ९ हजार आणि घरचे ११ हजार, महिन्याला २० हजार. म्हणजे बरोबर सहा महिने. नागपूरला मिहानमध्ये आधी प्रयत्न करा, मग पुणे.

एक गोष्ट आत्ताच घरी बोलून ठेवा. पहिली नोकरी बहुधा नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवण्याची असेल, रात्रपाळीसकट. मी पगार १८ हजारच धरतो. त्यातून घरी ९ हजार जातील, लागतात ११. वर्षभरात २४ हजारांची तूट. सीसीटीव्हीचे तीन हजार या आठ महिन्यांत आरडीत टाकलेत तर बरोबर तेवढीच रक्कम उभी राहते. त्या पैशाला पेरणीतही हात लावू नका.

घरखर्चाच्या ११ हजारांत वडिलांच्या बीपीच्या गोळ्या आणि मुलीचा दवाखाना धरला आहे का, तेवढं कळवा. नसेल तर सहा महिन्यांचा हिशोब पाचवर येतो, आणि निघण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलावी लागेल.