तरंगमबाडी आणि दिवाळीची सुट्टी: आगाऊ पैसे भरायच्या आधी

तुमचा बेत असा: दिवाळी झाल्यावर आईबाबांना घेऊन तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरचं तरंगमबाडी, समुद्राकडची खोली, मच्छीमारांचं शांत गाव, ताजी मासळी, शिवाय बाबांची साठी. बुकिंगवाले पूर्ण पैसे आगाऊ मागताहेत आणि वर सांगताहेत की नोव्हेंबर हाच बेस्ट सीझन. तुमची पोस्ट वाचताना मला वाटलं, ही मीच काही वर्षांपूर्वी लिहिली असावी. फक्त आमच्याकडे बाबांच्या जागी सासूबाई होत्या आणि त्यांचे गुडघे.

आधीच सांगते, मी ट्रॅव्हल एजंट नाही, तिथे माझं कोणी नातेवाईक नाही आणि माझी माहिती थोडी जुनी असू शकते. गाडीचं वेळापत्रक, भाडं वगैरे तुम्ही स्वतः बघालच, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते त्या "बेस्ट सीझन"बद्दल.

आपल्याला जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे पाऊस. दसरा गेला की छत्र्या माळ्यावर. तमिळनाडूच्या त्या किनाऱ्यावर गणित उलटं आहे. आपला मोसमी पाऊस सह्याद्री अडवून धरतो, त्यामुळे जून-जुलैत तिथे कोरडंच. ऑक्टोबरमध्ये वारा फिरतो, ईशान्येकडून येतो, बंगालच्या उपसागरावरचं बाष्प घेऊन थेट किनाऱ्यावर. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा, आणि नोव्हेंबर त्याचा गाभा. शिवाय चक्रीवादळं. गजा आलं ते नोव्हेंबर २०१८ मध्ये, नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या मध्ये. निवार नोव्हेंबर २०२० मध्ये पुदुच्चेरीजवळ. फेंगल २०२४ चं, तेही नोव्हेंबर सरता सरता. वादळ जाऊ द्या, नुसता पाऊस घ्या: ११ नोव्हेंबर २०२२ ला सीर्काळीला एका दिवसात ४४ सेंटिमीटर झाला. सीर्काळी तरंगमबाडीच्याच जिल्ह्यात आहे, मयिलाडुदुरै जिल्ह्यात. आता या महिन्याला बेस्ट सीझन म्हणणाऱ्या माणसाच्या मनात कुणाचा सीझन असेल, तुम्हीच ठरवा.

तर आमचं काय झालं ते. खोली आम्ही एका बुकिंग कचेरीतून घेतली. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, आता तिथली माणसं बदलली असतील. पूर्ण रक्कम आगाऊ भरली. निघायच्या आधी बातम्यांत कमी दाबाचा पट्टा दिसायला लागला म्हणून मी फोन केला. पलीकडचा गृहस्थ अतिशय गोड: "नॉर्मल रेन ओन्ली मॅडम, यू कम." तारीख पुढे ढकलता येईल का? नाही, नियमात नाही. रद्द केलं तर? आपत्ती जाहीर झाल्याचा सरकारी आदेश जोडलात तर विचार करू. म्हणजे आधी आपत्ती यावी, मग तिचा आदेश निघावा, मग तो मी पुण्यात बसून मिळवावा, तमिळमधला, आणि मग हे विचार करणार.

गेलो. गाडी मयिलाडुदुरैला वेळेत पोचली, पुढचा टॅक्सीवालाही देवमाणूस निघाला. गावात पोचल्यावर कळलं की समुद्राकडच्या वरच्या खोल्या आम्ही पैसे भरायच्या आधीपासून बंद होत्या. छत गळत होतं, दुरुस्ती निघाली होती. हे केअरटेकरला माहीत, स्वयंपाक्याला माहीत, समोरच्या टपरीवाल्याला माहीत. फक्त पैसे घेणाऱ्या कचेरीला माहीत नव्हतं, किंवा होतं. आम्हाला मागच्या बाजूची खोली मिळाली, स्वयंपाकघराला लागून. वीज रात्रीतून गेली आणि जनरेटर फक्त दिव्यांपुरता. सासूबाईंसाठी खाटेची उशी उंच करून दिली ती त्या केअरटेकरने, स्वतःच्या घरून आणून. त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

खरा छळ नंतरचा. परतावा मागितला तर कचेरी म्हणाली, खोली दिली नाही असं केअरटेकरचं पत्र आणा. केअरटेकर म्हणाला, मला पत्र द्यायचा अधिकार नाही, अधिकार कचेरीला. बरं, आम्ही फोटो पाठवले. फोटोवर तारीख नाही. तारखेचे पाठवले. मूळ पावती हवी. पावती ईमेलने आलेली, तिची मूळ प्रत कुठून आणू? मग निघालं की पैसे माझ्या दिराच्या खात्यातून गेले होते, तेव्हा अर्ज त्यांनी करावा. त्यांनी केला. तो "वर" गेला. वर म्हणजे कुठे ते अजून कळलेलं नाही. शेवटी काही रक्कम आली, तीही कसलेसे चार्जेस कापून. मनस्ताप पैशांचा कमी, त्या थंड सौजन्याचा जास्त. एकाही फोनवर कोणी आवाज चढवला नाही, आणि एकाही फोनवर कोणी काही केलं नाही.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: बुकिंग कुठूनही करा, पण पैसे भरायच्या आधी त्या जागेवर राहणाऱ्या माणसाचा नंबर मागा आणि त्याच्याशी बोला. तमिळ येत नसेल तर मोडक्या इंग्रजीत बोला, तोही तसंच बोलेल. त्याला तीनच गोष्टी विचारा. हीच खोली आत्ता चालू आहे का, जनरेटरवर पंखा चालतो का, तळमजल्यावर बाथरूम आहे का. कचेरी नंबर द्यायला का-कू करू लागली की समजून जा. आणि खोलीचा क्रमांक पावतीवर लिहून घ्या. नुसतं "सी फेसिंग" लिहिलं असेल तर तुमचं तोंड समुद्राकडे असणंही पुरेसं ठरू शकतं.

जायचंच असेल नोव्हेंबरमध्ये, तर हवामान कुणाला विचारू नका, स्वतः बघा. चेन्नईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जिल्हावार इशारे रोज निघतात. मयिलाडुदुरै आणि नागपट्टिनम दोन्ही जिल्हे बघायचे. दुसरी खूण मला त्या केअरटेकरनेच शिकवली: जिल्हाधिकारी पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर करतात, ती बातमी सकाळीच येते. सलग सुट्ट्या लागत असतील तर तुम्ही घरीच लाडू खा. आणि नागपट्टिनम, कारैकाल, कडलूर या बंदरांवर वादळाच्या इशाऱ्याचा कितव्या नंबरचा बावटा लागलाय हे तिथल्या बातम्यांत असतंच. कोकणातल्या माणसाला तीन नंबरचा बावटा म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको.

तुमच्या पोस्टखाली एकांनी "मग मे महिन्यात जा" असा सल्ला दिलाय. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तोही घोटाळाच. आपल्याकडे मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून मे महिन्यात मालवणला मासळी मिळते आणि आपल्याला वाटतं सगळीकडे तसंच. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, ६१ दिवस. मोठ्या यांत्रिक बोटी त्या काळात ओळीने उभ्या असतात, माणसं जाळी विणत बसतात, बोटींना रंग देतात. लहान नावा जवळपास जाऊन येतात, पण मासळी थोडी आणि महाग. वर मे महिन्यात तिथे कत्तिरि ऊन असतं, त्यांच्या पंचांगातले सगळ्यात तापलेले दिवस. साठीच्या माणसाला त्या उन्हात तिथला जुना डॅनिश किल्ला दाखवणं हा काही सन्मान नव्हे.

थोडक्यात आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या, दिवाळीची आणि मेची, त्या गावाला मानवत नाहीत. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात हे खरे दिवस. पोंगलचे चार दिवस टाळा, किनाऱ्यावर जत्रा असते आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मुलांची शाळा बुडेल? बुडू द्या. हे माझं वैयक्तिक मत आहे, मुख्याध्यापकांना दाखवू नका.

२६ डिसेंबरबद्दलही लिहायला हवं, कारण नाताळच्या सुट्टीला जोडून बरेच जण तिथे जातात. २००४ ची त्सुनामी या गावावरून गेली आहे. समुद्राकडची जी वस्ती तेव्हा होती, तिच्यातली कितीतरी घरं नंतर आत हलवून बांधली. त्या तारखेला या किनाऱ्यावरच्या अनेक गावांत नावा समुद्रात जात नाहीत, लोक फुलं, दूध घेऊन किनाऱ्यावर येतात. तुम्ही तिथे असाल तर गप्प उभे राहा, कॅमेरा खोलीत ठेवा. एरवीसुद्धा किनारा म्हणजे त्यांचं कामाचं ठिकाण. पहाटे नावा येतात तेव्हा मासळीचे वाटे करणाऱ्या बायकांच्या तोंडापुढे फोन धरणारे पर्यटक पाहून मलाच लाज वाटत होती. आणि पोहू नका. किनाऱ्याला मोठाल्या दगडांचा बांध आहे, त्यात लाट ओढते.

शांततेबद्दलही अपेक्षा जरा खाली आणा. अलीकडे मासेमारी बंदर झालंय, लाउडस्पीकर आहेत, देवळाच्या उत्सवात तर रात्रभर. शांत आहे ते जुनं डॅनिश गाव, म्हणजे जुन्या वेशीच्या कमानीच्या आतले मोजके रस्ते. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डेन्मार्कच्या लोकांनी ही जागा मिळवली आणि किल्ला बांधला, १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकून टाकलं. मधल्या काळात त्सीगनबाल्ग नावाचा पाद्री १७०६ ला आला, तमिळ शिकला, छापखाना घातला. त्याचं १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च अजून वापरात आहे. किल्ल्याजवळ मासिलामणिनाथाचं देऊळ, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्याचा पुढचा भाग समुद्राने खाल्ला. मला किल्ल्यापेक्षा तेच जास्त आवडलं. किल्ल्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आम्ही अर्थातच शुक्रवारी गेलो होतो.

मराठी माणसाने तिथवर जाऊन तंजावर चुकवणं मला तरी पटत नाही. त्सीगनबाल्गच्याच त्या डॅनिश मिशनमधून आलेला श्वार्ट्झ हा पाद्री तंजावरच्या भोसल्यांपैकी सरफोजीराजांचा गुरू. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याचा मराठी शिलालेख आहे, १८०३ चा, लांबच लांब. सासूबाई गुडघे विसरून अर्धा तास वाचत उभ्या होत्या. मात्र तो बघायला संध्याकाळी जा, दुपारी दगड भाजतात आणि चप्पल बाहेर ठेवावी लागते.

आता बाबांची साठी. तुम्ही लिहिलंय की "एखादी पूजा करता आली तर बरं". अहो, तिरुक्कडैयूर तिथून दहा किलोमीटरच्या आत आहे! मार्कंडेयासाठी शंकराने यमाला जिथे रोखलं असं मानतात तेच देऊळ. साठी, सत्तरी, ऐंशीच्या शांती करायला अख्खा तमिळनाडू तिथे येतो, म्हाताऱ्या जोडप्यांची पुन्हा लग्नं लागतात, एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी होम पेटलेले. आईबाबांना हे समुद्रापेक्षा जास्त आवडेल, पैज लावते. आणि तिथे साधे, स्वच्छ लॉज भरपूर, शाकाहारी जेवण चांगलं. मी तर म्हणते, मुक्काम तिरुक्कडैयूरला करा आणि तरंगमबाडीला सकाळी लवकर जाऊन या. चिदंबरम-कारैकाल रस्त्यावरच्या बस दोन्हीकडे थांबतात, रिक्षाही मिळते. फक्त शनिवार-रविवार आणि मुहूर्ताचे दिवस टाळा, नाहीतर खोली मिळत नाही.

मासळीचं: गावात खानावळी मोजक्याच, शेजारच्या पोरैयारला थोड्या जास्त. सुरमईला वंजरम, पापलेटला वव्वाल, कोळंबीला इराल, खेकड्याला नंडू म्हणा, काम होतं. मुक्कामाच्या जागी सकाळीच सांगून ठेवलं तर किनाऱ्यावरून आणून शिजवून देतात, पण तिखट सांभाळून, आणि चिंच आपल्यापेक्षा पुष्कळ. बरोबर सोलकढीची पाकिटं न्या, हसू नका.

कारैकाल जवळ आहे आणि ते पुदुच्चेरीत मोडतं, त्यामुळे तिथे बाटली स्वस्त. तुमचे मेहुणे येणार आहेत असं लिहिलंय म्हणून सांगते: हद्दीवर तमिळनाडूचे पोलीस गाड्या तपासतात, बाटल्या घेऊन परत येऊ नका.

मुंबईहून कारैकालला लोकमान्य टिळक टर्मिनसवरून साप्ताहिक गाडी आहे, ती मयिलाडुदुरैला थांबते का आणि किती वाजता, ते तिकीट काढताना बघा. रात्रीबेरात्री उतरवणारी असेल तर स्टेशनजवळच झोपा, त्या वेळी पुढे जाऊ नका.

तुमचे पैसे अजून भरले नसतील तर आजच त्या बुकिंगवाल्यांना लेखी विचारा की तारीख बदलून फेब्रुवारीची देणार का. हो म्हणाले तरच भरा. आणि पैसे स्वतःच्याच खात्यातून भरा, मेहुण्यांच्या नको.