लहानपणी मेंदूचा ट्यूमर झालेल्या १७ वर्षांच्या भाच्याला तशाच आजारातून गेलेला एखादा मोठा मुलगा मार्गदर्शक म्हणून जोडून द्यावा का?

हो, जरूर द्या. फक्त कॅन्सर झालेला कुणीही नको, मेंदूचाच ट्यूमर झालेला आणि आता कॉलेजात किंवा नोकरीत रुळलेला मुलगा शोधा. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हा फरक कामात सतत दिसतो. मेड्युलोब्लास्टोमासारख्या (लहान मेंदूत होणारा कॅन्सर) ट्यूमरमध्ये बहुतेकदा डोकं आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन देतात. त्याने पुढे आकलनाचा वेग मंदावतो, उंची खुंटू शकते. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं असेल तर ऐकूही कमी येऊ शकतं. एमआरआय स्वच्छ, म्हणून नातेवाईक बिनधास्त ‘आळशी झालाय’ म्हणतात. त्या दादाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. वर्गात चांगल्या कानाच्या बाजूने कुठे बसायचं, फळ्याचा फोटो काढायची परवानगी कशी घ्यायची, परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मागताना संकोच कसा गिळायचा, हे तोच सांगू जाणे. व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा दोघांचंच बोलणं बरं. ग्रुपवर भाच्याचं उत्तर टाइप होईपर्यंत विषय कधीच पुढे गेलेला असतो.

मात्र हा दादा डॉक्टर नव्हे. हार्मोनची औषधं, फिट्स, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी किंवा आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी यांवर त्याचा सल्ला चालणार नाही.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या ‘ॲक्ट’ (उपचार पूर्ण झालेल्यांसाठीच्या) क्लिनिकमध्ये विचारा. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गटही २००९ पासून बालपणी कॅन्सर झालेल्या तरुणांचाच आहे.