दहावीचे कारण आणि वहीतली मिनिटे

“सात वर्षे खो-खो खेळलेली मुलगी दहावीच्या तोंडावर ‘आता नको’ म्हणते आहे. तिचे ऐकावे, की तिला थोडे रेटावे?” हा प्रश्न घेऊन सांगलीतले एक दांपत्य गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. नववीचा निकाल लागल्यापासून दहावीचे वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात हाच प्रश्न मी दरवर्षी अनेक घरांतून ऐकते. खेळ कधी कबड्डी असतो, कधी जलतरण, कधी बॅडमिंटन. मात्र मूल साधारण त्याच वयाचे असते आणि सोडण्याचे कारणही ठरलेले असते, ते म्हणजे दहावी. हा अनुभव मी त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील एका पतसंस्थेत नोकरीला होते. ते मोजके बोलत, पण लेकीच्या खेळाचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलत असे. मुलगी तिसरीपासून मैदानावर जात होती आणि चौदा वर्षांखालील गटात दोनदा विभागीय स्पर्धेपर्यंत खेळली होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, भारताच्या महिला संघाने ती जिंकली आणि त्या संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिने केले, तेव्हा या घरात पेढे वाटले गेले होते. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाल्याची बातमी वडिलांनी कापून ठेवली होती. “राज्यापर्यंत गेली तर दहावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. एवढे केल्यावर आता कडेला येऊन सोडायचे म्हणजे काय?” असे त्यांनी मला विचारले. हा विचार हिशेबी आहे म्हणून तो झटकून टाकावा असे मला वाटत नाही. मर्यादित उत्पन्नाच्या घरात खेळातून नोकरीचा एखादा दरवाजा उघडणार असेल, तर आईवडिलांनी त्याकडे पाहणे स्वाभाविक आहे. आईची काळजी वेगळी होती. मुलगी घरात गप्प राहू लागली होती, संध्याकाळी लवकर झोपत होती आणि सरावाला जायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखू लागत होते.

मुलीशी मी एकटीने बोलले. खेळाडू मूल अचानक खेळ सोडायचे म्हणते तेव्हा पहिल्याच भेटीत मी एक प्रश्न स्पष्टपणे विचारते: मैदानावर, प्रवासात किंवा स्पर्धेच्या मुक्कामात कोणी नको तसे वागले का, कोणाची भीती वाटते का? हा प्रश्न संकोचाने टाळण्यासारखा नाही. अशा प्रसंगासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि सोडण्यामागे असे काही असेल तर खेळ चालू ठेवण्याची चर्चाच त्या क्षणी थांबली पाहिजे. या मुलीच्या बाबतीत तसे काही नव्हते. प्रशिक्षक सरांविषयी ती आदराने बोलली. कारण विचारल्यावर मात्र “दहावी आहे ना” एवढेच म्हणाली आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसली.

दहावी हे कारण खोटे असते असे नाही. पण ते सगळ्यांना चालणारे कारण असते. शेजारच्या काकू ते मान्य करतात, शाळा मान्य करते, आजी तर शाबासकी देते. त्यामुळे ज्या मुलाला आपण खेळ का सोडतो आहोत हे नीट सांगता येत नाही, किंवा सांगायची लाज वाटते, ते याच कारणाच्या आडोशाला जाऊन उभे राहते. वेळेचे गणित प्रत्यक्षात मांडून पाहिले तर शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात, पुढे जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या असतात, आणि बहुतेक संघांचा हंगाम दिवाळीच्या आसपास आटोपलेला असतो, तर बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. ओढाताण होते हे खरेच आहे. पण ज्या मुलांना खेळायचेच असते ती या ओढाताणीतून वाट काढतात, हेही मी पाहिलेले आहे. म्हणून ‘दहावी’ हा शब्द ऐकला की मी त्याच्या आधीचे वर्ष तपासते.

या मुलीचे आधीचे वर्ष म्हणजे नववी, आणि नववीत ती चौदा वर्षांखालील गटातून सतरा वर्षांखालील गटात गेली होती. ही पायरी किती उंच असते याची पालकांना सहसा कल्पना नसते. कालपर्यंत जी मुलगी संघातली सर्वांत चपळ होती, तिच्यासमोर आता दोन-तीन वर्षांनी मोठ्या, ताकदीने आणि अनुभवाने पुढे असलेल्या मुली असतात. खो-खोत संरक्षणासाठी, म्हणजे पाठलाग चुकवत पळण्यासाठी, तीन-तीन खेळाडूंची तुकडी मैदानात उतरते. ही मुलगी नेहमी पहिल्या तुकडीत असे. नववीत ती आधी तिसऱ्या तुकडीत गेली आणि नंतर राखीव खेळाडूंच्या बाकावर. त्यातच एका वर्षात तिची उंची भराभर वाढली. उंची वाढण्याच्या या काळात हातापायांची लांबी बदलते, तोल सावरण्याचा जुना अंदाज चुकतो, आणि खांबाला वळसा घालताना जी हुलकावणी डोळे मिटून जमत होती ती जमेनाशी होते. हे तात्पुरते असते, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते तात्पुरते आहे असे कोणी सांगितलेले नसते. त्याला फक्त एवढेच कळते की आपण पूर्वीसारखे राहिलो नाही.

दुसऱ्या भेटीत तिने वहीचा विषय काढला.

लाल बांधणीची, लांबट, दुकानात हिशेबाला वापरतात तसली ती वही होती आणि वडिलांनी ती चौथीपासून ठेवली होती. खो-खोत खेळाडूने किती वेळ संरक्षण केले हे मिनिटे-सेकंदांत मोजतात, वर्तमानपत्रातही तसेच छापून येते. वडिलांच्या वहीत तारीख, स्पर्धा, समोरचा संघ, वेळ, बाद केलेले गडी असे रकाने होते आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. सातवीतल्या एका सामन्यापुढे ३ मिनिटे ४० सेकंद लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. नववीतल्या पानांवर १ मिनिट २० सेकंद, ५५ सेकंद असे आकडे होते आणि शेऱ्यात लिहिले होते, ‘ढिलाई. पहिल्या मिनिटानंतर पाय उचलत नाही.’ वही कपाटावर ठेवलेली असे. ती खाली काढून तिने एकटीने वाचली होती.

“आकड्यांचं काही नाही,” ती म्हणाली. “ते खरेच आहेत. पण मी पळत असते ना मॅडम, तेव्हा बाबांची मान खाली असते. घड्याळात बघत असतात. मी बाद झाल्यावरच वर बघतात.” सामना संपल्यावर दुचाकीवरून घरी येताना पहिल्या चौकापर्यंत वडील काही बोलत नसत. त्यानंतर चुका सांगायला लागत, आणि ती मागे बसून घराच्या गेटपर्यंत ‘हो’ म्हणत असे. पोटात दुखणे कशाचे होते, याचा मला तेव्हा उलगडा झाला. सरावाची तिला धास्ती नव्हती, परतीच्या रस्त्याची होती.

आणखी एक गोष्ट तिने बरेच आढेवेढे घेऊन सांगितली. आठवीत तिला पाळी सुरू झाली होती आणि रक्तस्राव जास्त होत असे. मैदानाजवळ मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह नव्हते, म्हणून सरावाच्या दिवशी ती दुपारपासून पाणीच पीत नसे. पाळीच्या दिवसांत काहीतरी निमित्त सांगून घरी थांबे, आणि हजेरी कमी भरली की संघातले स्थान आणखी मागे जाई. आपल्या मैदानांवरून आठवी-नववीनंतर मुली दिसेनाशा होतात, त्याची चर्चा आपण जिद्द, घरचे वातावरण, अभ्यास अशा मोठ्या शब्दांत करतो, पण त्यातल्या किती जणींना एक कडी लागणारे दार आणि नळाला पाणी एवढेच हवे असते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

मी तिला डॉक्टरांकडे पाठवले. हिमोग्लोबिन ९.४ निघाले. या वयाच्या मुलींमध्ये ते १२ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ही स्थिती दुर्मीळ मुळीच नाही. रक्तातून स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचत नसेल तर सततच्या पळापळीत दम लवकर लागणारच. ज्याला वहीत ‘ढिलाई’ म्हटले होते, त्याचा मोठा भाग रक्ताच्या अहवालात होता. हे कळल्यावर वडील बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मी त्यांना काहीही म्हटले नाही, आणि तसे करण्याची गरजही नव्हती. त्या वहीत लेकीचा एकही सामना चुकलेला नव्हता. रजा टाकून, भाडोत्री गाडीने, उन्हातान्हात हा माणूस प्रत्येक ठिकाणी गेला होता. प्रेम होते, पण ते मुलीपर्यंत पोहोचताना शेऱ्याच्या रकान्यातून जात होते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ऐकावे की रेटावे? मी त्यांना दोन्ही करू नका असे सांगितले. ‘सोडणे’ आणि ‘थांबणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला थांबण्याची सोय ठेवली नाही, तर त्याच्या हातात सोडणे एवढेच उरते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये असा सल्ला दिला की वाढत्या वयाच्या खेळाडूने आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्याने, आपल्या मुख्य खेळापासून दूर राहावे. ही मुलगी सात वर्षांत आजारपण आणि परीक्षा सोडल्या तर कधीच थांबली नव्हती. उन्हाळ्यात शिबिर, पावसाळ्यात स्पर्धा, हिवाळ्यात निवड चाचणी, असे चक्र चालू होते आणि सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

आम्ही सहा आठवडे ठरवले. त्या काळात मैदान नाही, निर्णयही नाही, आणि घरात कोणीही “मग काय ठरले?” असे विचारायचे नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या तक्रारीवरचे उपचार सुरू झाले. सरांना मी मुलीच्या संमतीने भेटले. त्यांना उंची वाढण्याचा भाग ठाऊक होता, बाकीचे ऐकून ते खजील झाले, आणि शाळा सुटल्यावरही शाळेचे स्वच्छतागृह मुलींसाठी उघडे राहील अशी व्यवस्था त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून पंधरा दिवसांत करून घेतली. वडिलांना मी एकच काम दिले: पुढे कधी ती खेळली, तर घरी येताना खेळाविषयी आपण होऊन काही बोलायचे नाही. ती बोलली तर ऐकायचे. हे काम सोपे नाही याची मला जाणीव होती. त्यांनी ते लिहून घेतले.

सगळ्याच मुलांच्या बाबतीत असा उलगडा होत नाही, हे इथे सांगायला हवे. पोहणे सोडू पाहणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला खरोखरच तबला शिकायचा होता आणि पहाटे पाचचे पाणी नकोसे झाले होते. त्याच्या आईवडिलांना मी त्याला मोकळे करायला सांगितले, कारण तो खेळाविषयी कडवटपणे बोलत नव्हता, जेवत-झोपत होता आणि सोडून काय करायचे हे त्याला माहीत होते. जे मूल कशाकडे तरी जात असते त्याला अडवू नये. जे फक्त कशापासून तरी दूर पळत असते, त्याच्यासोबत थोडे थांबून पाहावे. फी परवडत नाही म्हणून आईवडिलांचा ओझरता संवाद ऐकून स्वतःहून ‘कंटाळा आला’ म्हणणारी मुलेही असतात, आणि त्यांच्याशी पैशांविषयी स्पष्ट बोलावे लागते.

सहा आठवड्यांनंतर ती आली तेव्हा चेहऱ्यावर थोडी तरतरी होती. तिने स्वतःहून सांगितले की ती दहावीत खेळेल, पण तिला संरक्षणात राहायचे नाही, आक्रमणात यायचे आहे. वाढलेल्या उंचीचा सूर मारताना उपयोग होतो, हे तिला सरांनी नव्हे, एका मैत्रिणीने सुचवले होते. सराव आठवड्यातून चार दिवस करायचा आणि दिवाळीनंतर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पूर्ण थांबायचे, असेही तिनेच ठरवले. वडिलांनी सवलतीच्या गुणांचा विषय काढला नाही. संघ जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात हरला, म्हणजे राज्यापर्यंत जाणे राहिले. अकरावीत खेळणार का, हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि मी ते विचारलेले नाही.

त्या उपांत्य सामन्यानंतर आईचा मला फोन आला. दुचाकीवर वडील ठरल्याप्रमाणे काही बोलले नव्हते. दुसऱ्या चौकात मुलीनेच विचारले, “बाबा, मी त्या शेवटच्या मुलीला खांबाजवळ मारलं ते बघितलं का?” त्यांनी बघितले होते. गाडी कडेला घेऊन, हेल्मेट काढून, त्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावले. त्या दिवशी वेळ कोणीच लावलेली नव्हती.