फारसा कुणाला माहीत नसलेला, पण आवर्जून खेळावा असा एखादा जुना व्हिडिओ गेम कोणता?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप जुना आहे, गोळीबाराचे गेम खेळून कंटाळा आलाय आणि गोष्ट चांगली हवी. तर मग मी एकच नाव घेईन : 'द लास्ट एक्सप्रेस'. १९९७ सालचा गेम आहे.

नाव कदाचित ऐकलं नसेल, पण तो करणाऱ्या माणसाचं आधीचं काम तुम्हाला नक्की माहीत असेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या पिढीला डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरचा 'प्रिन्स' सांगावा लागत नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली जॉर्डन मेकनर यांनी केला. सख्ख्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. तो राजपुत्र कठड्याला लोंबकळून वर चढायचा तेव्हा त्याच्या अंगाचं वजन जाणवायचं, ते यामुळेच. 'द लास्ट एक्सप्रेस'मध्ये मेकनर आणि त्यांच्या चमूने हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर वापरली. खऱ्या नटनट्यांना त्या काळचे कपडे घालून, रंगभूषा करून निळ्या पडद्यासमोर उभं केलं आणि चित्रीकरणातल्या निवडक चौकटींची रेखाचित्रं करून ती रंगवली. एकूण परिणाम १९००च्या सुमाराच्या फ्रेंच पोस्टरांसारखा दिसतो. त्यामुळे त्याच काळातले थ्रीडी गेम आज ओबडधोबड वाटतात, पण हा अजून देखणा वाटतो.

गोष्ट अशी. जुलै १९१४. पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, निघालेली ओरिएंट एक्सप्रेस. पहिलं महायुद्ध अगदी तोंडावर आलंय, पण गाडीतल्या कुणालाच ते ठाऊक नाही. रॉबर्ट कॅथ नावाचा अमेरिकन डॉक्टर मित्राच्या बोलावण्यावरून धावत्या गाडीत चढतो, मित्राच्या डब्याचं दार उघडतो, तर मित्र मरून पडलेला. पोलीस कॅथच्या मागावर आधीपासूनच आहेत. आता या मृतदेहाचं काय करायचं, हा तुमच्यापुढचा पहिला प्रश्न. तो सुटला की मित्राचा कोट अंगावर चढवून त्याच्याच नावाने पुढचा प्रवास करायचा.

मला या गेमचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते त्यातल्या घड्याळाचं. ते खऱ्या घड्याळाच्या सहापट वेगाने चालतं, म्हणजे तुमची दहा मिनिटं हा गाडीतला एक तास. आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. प्रत्येक प्रवाशाचा स्वतःचा दिनक्रम आहे. ऑस्ट्रियन व्हायोलिनवादक ॲना जेवायला जाते, जर्मन शस्त्रविक्रेता तिच्याशी गप्पा मारतो, म्हातारा रशियन काउंट नातीला घेऊन बसलेला असतो, एक फ्रेंच पोरगा शिट्टी वाजवत बोळातून पळत असतो. तुम्ही जेवणाच्या डब्यात बसलात तर त्या वेळी झोपण्याच्या डब्यात कुजबुजत झालेलं बोलणं तुमच्या कानावर येणार नाही. तिकडे गेलात तर इकडचं हुकलं. एका फेरीत सगळं ऐकणं अशक्य आहे.

रात्रीच्या गाडीत डोळे मिटून पडल्या पडल्या समोरच्या बर्थवरचा कौटुंबिक वाद ऐकायची सवय आपल्यातल्या अनेकांना असते. इथे तीच सवय कामाला येते. दाराला कान लावायचा, कंडक्टर जागेवरून उठला की दुसऱ्याच्या डब्यात शिरायचं, कुणाची डायरी वाचायची, पावलांचा आवाज आला की निघायचं. प्रवासी आपापल्या भाषेत बोलतात, फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्बियन. कॅथला जी भाषा येते तिचीच भाषांतरं खाली उमटतात.

एका प्रसंगी क्रोनोस नावाचा श्रीमंत माणूस स्वतःच्या खासगी डब्यात मैफल ठेवतो. तो पियानोवर, ॲना व्हायोलिनवर, आणि संगीतकार सेझार फ्रांकची सोनाटा ही रचना. सगळं खरंच वाजत राहतं, गेम उरकून घेत नाही. तुम्ही शेवटपर्यंत ऐकत बसू शकता. पण बरेचसे प्रवासी इथे गुंतलेले असताना बाकीची गाडी मोकळी आहे, हेही तुमच्या लक्षात येतं. संगीत आणि स्वार्थ यांच्यात अशी ओढाताण मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये अनुभवलेली नाही.

चुकलात तर? घड्याळाचे काटे मागे फिरवायचे आणि तिथून पुन्हा सुरुवात करायची. मात्र मागे जाऊन काही वेगळं केलंत की आधीचा पुढचा भाग पुसला जातो.

इतका चांगला गेम चालला का नाही? करायला काही वर्षं आणि तेव्हाच्या मानाने प्रचंड पैसा लागला होता. पण तो बाजारात यायच्या थोडंच आधी ब्रॉडरबंड या प्रकाशक कंपनीतली मार्केटिंगची माणसं सोडून गेली आणि जाहिरात जवळजवळ झालीच नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, लोकांपर्यंत पोचलाच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण याच वाटेने पुढे कितीतरी गेम निघू शकले असते.

उणिवाही सांगतो. चालताना माणसं सलग हलत नाहीत, एका चित्रातून दुसऱ्यात विरघळत जातात. सवय व्हायला थोडा वेळ लागतो. मारामारीचे प्रसंग अचूक क्षणी क्लिक करण्यावर आहेत आणि दोन-तीनदा मरायची तयारी ठेवावी लागते.

आज तो स्टीम आणि जीओजी या गेम विकणाऱ्या दोन्ही वेबसाइटवर मिळतो. मूळ गेम तीन सीडींचा होता, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. हेडफोन लावून खेळा, नाहीतर निम्मं बोलणं निसटेल. पहिल्या रात्री कुठलंही कोडं सोडवायच्या मागे न लागता जेवणाच्या डब्यात एक टेबल धरून बसा. आणि उत्तरं इंटरनेटवर शोधायचा मोह झाला तर निदान व्हिएन्ना येईपर्यंत आवरा.