कोकणातल्या छोट्या दिव्यांग केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कुठे आणि कसं मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यात बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांसाठी तुम्ही दिवसाचं केंद्र चालवता. दोन मदतनीस ताई आणि एक नवा शिक्षक आहे. मुंबईचे कोर्स परवडत नाहीत, मग यांना शिकवायचं कुठे? मी सिंधुदुर्गात विशेष शिक्षिका आहे. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मदतनीस ताईंपासून करा. मूल दिवसभर त्यांच्याच हातात असतं. भरवणं, शी-शू, कपडे बदलणं, गाडीतून उतरवून घेणं सगळं त्याच करतात आणि फिट आली की पहिल्या धावतातही त्याच. कार्यशाळेला नाव पाठवायची वेळ आली की मात्र ते मुख्याध्यापकांचं किंवा संस्थाचालकांचं जातं. प्रमाणपत्र कपाटात लागतं आणि दुपारी मूल भरवलं जातं ते आधीसारखंच.

भरवण्याचंच घ्या. सीपीच्या मुलाला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवताना आपण घरोघरी बघतो. त्यात घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल तर त्यामागे हेही कारण असू शकतं. मूल होईल तेवढं ताठ बसवलेलं हवं, मान सरळ किंवा किंचित पुढे, पायांना टेकू. चमचा समोरून यायला हवा आणि आधीचा घास गिळून झाल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. पेज पातळ म्हणून सोपी वाटते, पण गिळायला त्रास असलेल्या बऱ्याच मुलांना पातळ पदार्थच सांभाळता येत नाहीत. कुळथाची दाटसर पिठी, गुरगुट्या भात त्यांना जास्त झेपतो. कोणाला किती दाट द्यायचं, हे स्पीच थेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्या मुलाला खाताना पाहूनच ठरवायला हवं. ही एक गोष्ट नीट शिकवली गेली तरी मुलांचं आजारपण कमी व्हायला मदत होते, म्हणून मी तिच्यावर इतकी अडून बसते.

तसंच फिटचं. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा मूल शुद्धीवर न येता दुसरी आली, तर लगेच १०८ ला फोन. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा आणि ताईंकडून प्रत्यक्ष करून घ्या.

आता कुठे. तुमच्यासाठी सोयीचं ठिकाण खारघर. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं, म्हणजे एनआयईपीआयडीचं, प्रादेशिक केंद्र तिथे आहे. खेडला गाडी पकडली की पनवेलला उतरायचं, पुढे मुंबईत शिरायची गरज नाही. श्रवण आणि वाचेच्या अडचणींसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. मुंबईतली उम्मीद ही संस्था बालविकासावर काम करते आणि बाहेरच्या संस्थांच्या कार्यकर्त्यांनाही शिकवते. जय वकील फाउंडेशनचा दिशा अभ्यासक्रम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळांसाठीच तयार झालाय. तुमच्या शिक्षकाला मुलाची पातळी मोजून आयईपी, म्हणजे त्या एका मुलासाठीचा शिक्षण आराखडा, लिहायला त्याचा खूप उपयोग होईल. जवळचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांचं लवकर निदान आणि उपचार करणारं केंद्र. तिथली सगळी पदं भरलेली असतातच असं नाही, आधी फोन करून विचारा.

पण माणसं तिकडे पाठवण्यापेक्षा तिकडचं एक माणूस इकडे आणा, असं मी आग्रहाने सांगेन. तुमच्याच खोलीत, तुमच्याच मुलांसोबत दोन दिवस बसून, ताई काय करतायत ते बघून तिथल्या तिथे हात धरून दाखवणारं. सभागृहातल्या व्याख्यानाने हात बदलत नाहीत. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या दोन-तीन संस्थांनी मिळून बोलावलं तर प्रवास आणि मानधन वाटून घेता येतं. नंतर महिन्यातून एकदा, पालकांची लेखी परवानगी घेऊन, भरवतानाचा छोटा व्हिडिओ त्या थेरपिस्टला पाठवायचा आणि फोनवर चर्चा करायची. तारीख दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधी ठरवा. पावसात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही आणि गणपतीत कोणी जागेवर नसतं.

नियमांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार संस्थेची नोंदणी लागते, ती नसेल तर आधी करा. विशेष शिक्षक म्हणून काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, आरसीआयकडे, नोंदणी हवी. मदतनिसांना ती लागत नाही. राष्ट्रीय न्यासाकडे, म्हणजे बौद्धिक अक्षमता, सीपी अशा मुलांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नोंदणी झाली तर काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची सहयोगी योजना आणि मुलांसाठी निरामय आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंतचा, हे मार्ग उघडतात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. रॅम्प, सीपी चेअर यांसाठी त्यातून लेखी मागणी करा. आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, गाडीच्या चालकासकट सगळ्यांना समजावून सांगा. आपली मुलं घडलेलं सांगू शकत नाहीत, त्यामुळे ओळखायचं आपण आणि पोलिसांना कळवायचंही आपणच. संशय आला तरी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटी ताईंविषयी. दहा-बारा वर्षांचं मूल रोज उचलून त्यांची कंबर जाते. दोघींनी मिळून, गुडघ्यात वाकून, मुलाला अंगाजवळ घेऊन उचलायचं हे फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्या. आठवड्यातून अर्धा तास मुलं नसताना सगळ्यांनी बसा आणि त्यांना बोलू द्या. एखादं मूल गेलं तर त्याही आतून हलतात, त्यांना कोणी विचारत नाही. मन फार खचलं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. प्रशिक्षणाच्या दिवसाचा पगार कापू नका.

मुलं कोणत्या वयाची आहेत आणि भरवताना किती जणांना ठसका लागतो, एवढं खाली लिहिलंत तर पहिल्या दोन दिवसांचं वेळापत्रक कसं असावं ते सुचवते.