तारीख आधी घ्या, हात नंतर बसेल

प्रश्न : मी रहिमतपूरची, वय 47. दिवाळीत भाचा आला होता, त्याच्या लॅपटॉपवर परीक्षा देऊन मी लर्निंग लायसन्स काढलं. मुलगी शिकायला पुण्यात, तिची ॲक्टिव्हा दारात उभीच असते. आता गाडी चालवता येते, पण टेस्टला गाडीनं जो 8 चा आकार काढायचा असतो, तो काढताना पाय टेकतो. म्हणून टेस्टची तारीख घेतली नाही. परवा गावातल्या कॅफेत जाऊन पक्क्या लायसन्सचा अर्ज केला, फी भरली, तर टेस्टच्या तारखांचं कॅलेंडर सगळं लाल, म्हणजे भरलेलं. लर्निंगची मुदत एप्रिलअखेर संपतेय. कॅफेवाला म्हणतो, अडीच हजार द्या, आठवड्यात तारीख काढून देतो. अर्जात भाच्याचा नंबर पडलाय, त्यामुळे ओटीपी त्याला जातो आणि तो चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन घेत नाही. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी पर्समधून लर्निंगचा कागद काढा आणि गाडीचा वर्ग कुठला लिहिलाय ते बघा. तारखेचं नंतर बोलू. भाचेमंडळी घाईत असतात, स्वतःच्या सवयीनं गिअरच्या गाडीवर टिचकी मारतात. कागदावर गिअरची मोटरसायकल आणि तुम्ही नेणार ॲक्टिव्हा, तर टेस्ट होणार नाही. सव्वीस वर्षं मी साताऱ्यात गाडी शिकवतेय. अशा कारणानं परत आलेल्या बायका दर वर्षी बघते. तुमचा वर्ग विदाउट गिअर असेल तर पुढचं वाचा. नसेल तर तारखेसाठी जीव टाकू नका, आधी विदाउट गिअरचं लर्निंग काढा.

आता ओटीपी. सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर मोबाइल नंबर बदलायची सोय आहे, ती वापरून स्वतःचा नंबर घाला. हे बारीक काम वाटतं, पण सगळी चावी तिथंच आहे. ज्याच्या नंबरवर ओटीपी, त्याच्या हातात तुमची तारीख. कॅफेवाल्यांचं आणि एजंटांचं निम्मं दुकान यावरच चालतं. अर्जात ते स्वतःचा नंबर टाकतात, मग तारीख बदलायची म्हटलं तरी त्यांच्याच दारात उभं राहावं लागतं. तुमच्या अर्जात निदान भाच्याचाच आहे, तेवढं बरं. रविवारी त्याला सुट्टी असेल, तेव्हा दोघं फोनवर बसून बदलून घ्या.

त्या अडीच हजारांचा हिशेब बघा. लर्निंगला एका वर्गाचे 150 आणि परीक्षेचे 50 दिवाळीत भरलेत. पक्क्याला लायसन्सचे 200 आणि टेस्टचे 300, तेही परवा भरले. सरकारी फी तेवढीच; कार्डाचे, पोस्टाचे किरकोळ पैसे धरले तरी अडीच हजारांच्या आसपास जात नाही. आणि कॅफेवाल्याकडं वेगळं कॅलेंडर नसतं हो. तुमचा अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून तो तीच खिडकी उघडतो जी तुम्ही उघडणार. फक्त तो दिवसातून दहा वेळा बघतो, तुम्ही एकदा बघून घाबरलात.

लाल झालेलं कॅलेंडर लालच राहतं असं नाही. कुणाचं लग्न निघतं, कुणाच्या उसाला तोड येते, माणसं तारीख रद्द करतात आणि मधलाच एखादा दिवस हिरवा होतो. पहाटे दूध तापवताना एकदा, रात्री झोपायच्या आधी एकदा बघा. आमच्या पोरींना मी हेच लावून देते. आजवर आठ-दहा दिवसांत मिळाली नाही असं फारसं झालेलं नाही. हिरवा दिवस दिसला की मैत्रिणीला विचारू, मालकांना विचारू असं करत बसू नका, लगेच घ्या. पावतीचा प्रिंट काढून ठेवा.

आता जरा रागवते. दिवाळीपासून मार्चपर्यंत तुम्ही तारीख घेतली नाही, कारण आठ जमत नव्हता. हे बायकाच जास्त करतात. पोरं गाडी नीट येत नसतानाही एकतिसाव्या दिवशी टेस्टला हजर. लर्निंग मिळाल्यावर तीस दिवस झाले की टेस्ट देता येते आणि लर्निंग चालतं सहा महिने. मधले पाच महिने कशासाठी दिलेत? नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं, टेस्टची फी तेवढी पुन्हा. तीनदा नापास झालात तरच साठ दिवस थांबावं लागतं. पण लर्निंगची मुदत गेली की सगळं परत पहिल्यापासून, परीक्षा आणि तीस दिवस धरून. नुसती तारीख घेऊन ठेवली म्हणजे मुदत वाढली, असाही एक समज आहे. तसं नसतं. टेस्टच्या दिवशी लर्निंग जिवंत पाहिजे.

आठाचं सांगते. माझ्याकडं एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, गोडोलीच्या. मैदानावर आल्या की हात थरथरायचे. मी म्हटलं, उद्यापासून इथं येऊ नका. घरामागं मोकळी जागा होती, तिथं त्यांनी चुलीच्या राखेनं आठ आखला. पहिले दोन दिवस गाडी बंदच. हँडल धरून ढकलत आठावरून चालायच्या, म्हणजे वळण कुठं येतं ते पायाला कळतं. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली. ॲक्सिलेटर एकसारखा, थोडासाच, आणि डाव्या हातानं मागचा ब्रेक किंचित धरून ठेवायचा. गाडी फार हळू झाली की तोल जातो आणि पाय टेकतो, तुमचं तेच होतंय. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका. डोळे पुढच्या वळणावर, गाडी आपोआप तिकडं जाते. अकराव्या दिवशी त्या टेस्टला गेल्या. आठ काढून झाल्यावर साहेब थांबा म्हणाले, तरी या आणखी एक फेरी मारून आल्या. पास.

टेस्टला गाडी आपलीच न्यायची. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सोबत ठेवा. मुलीची गाडी दारात उभीच असते म्हणताय, तर पीयूसीची तारीख बघा, संपली असेल तर आधी ती काढा. पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल हवा. तो चिकटपट्टीनं वाकडातिकडा लावू नका, स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. हेल्मेट, मूळ लर्निंग, आधार आणि ती पावती. चाळिशी ओलांडलीय, म्हणून डॉक्टरचं फॉर्म 1-ए सर्टिफिकेटही. साडी की ड्रेस हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्या विचारतात. ज्यात सराव केलाय तेच घाला. रहिमतपूरहून साताऱ्याला गाडी स्वतः चालवत आणू नका, टेस्टच्या आधी दमाल. घरचं कुणी लायसन्सवालं असेल त्याला चालवू द्या, तुम्ही मागं बसा.

प्रश्न : वय 62, राहणार वाई. लायसन्सची मुदत संपून चौदा महिने झाले. रिन्यूला टेस्ट द्यायला सांगतायत. तीस वर्षं गाडी चालवतोय, मला कसली टेस्ट?

उत्तर : काका, मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला असता तर टेस्ट लागली नसती. कायद्यात तसं स्पष्ट आहे, तिथं भांडून उपयोग नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, टेस्टची तारीख घ्या आणि तोवर गाडी मुलाला चालवू द्या. विनालायसन्सचा दंड 5,000 रुपये आहे. तुमच्या वयाला नवीन लायसन्स पाच वर्षांचं मिळेल. संपायची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि चौकात गाडी थांबवून हातानं इशारा करायची जुनी सवय असेल, तर टेस्टला इंडिकेटर लावायला विसरू नका. तीस वर्षं चालवणारे तिथंच नापास होतात.